सूर किती लांब उभा करायचा

भावगीतांच्या कार्यक्रमात निवेदकाचं बोलणं संपतं, दिवे थोडे मंद होतात आणि गायकाने पहिला शब्द उच्चारण्याआधी कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा एक लांब स्वर सुरू होतो. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर असो किंवा कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, ही सुरुवात इथल्या रसिकांच्या अंगवळणी पडली आहे. टाळी पडते ती ओळखीच्या मुखड्याला. त्याआधीच्या त्या स्वराला कुणी दाद देत नाही. मी मात्र त्या स्वरासाठी कान टवकारून बसतो. तो किती लांबून येतो आहे, आणि एकट्याचा वाटतो की अनेकांचा, एवढ्या दोन गोष्टींवरून पुढचा कार्यक्रम कसा रंगणार याचा मला बराच अंदाज येतो.

या दोन गोष्टी वादकाच्या हातात असतात. अंतर ठरतं रिव्हर्बने आणि संख्या ठरते कोरसने. कीबोर्ड विकत घेताना आपण टोन मोजतो: इतकी तबल्याची सेटिंग्ज, इतके सतारीचे आवाज. भारतासाठी काढलेल्या यामाहाच्या पीएसआर-आय ४५५ मध्ये किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स ९००० आयएनमध्ये हे टोन भरपूर आहेत, आणि ऑर्केस्ट्रातल्या मुलांचा लाडका रोलंड एक्सपीएस-१० तर त्यासाठीच खपला. पण टोन हा कच्चा माल. तो श्रोत्यापासून किती अंतरावर मांडायचा, ही खरी कारागिरी आहे, आणि ती मेन्यूच्या आत दोन-तीन बटणं दाबल्यावर सापडणाऱ्या आकड्यांत दडलेली असते.

आपला कान अंतर कसं ओळखतो? समोर बसलेल्या माणसाचा आवाज थेट येतो आणि भिंती-छतावर आपटून परतलेला आवाज त्याच्या मागोमाग, फारच क्षीण. तोच माणूस सभागृहाच्या टोकाला गेला की थेट आवाज घटतो, परतलेला मात्र जवळपास तेवढाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान, डोळे मिटलेले असतानाही, माणूस कुठे उभा आहे ते सांगतो. रिव्हर्ब म्हणजे हाच परतलेला आवाज, यंत्राने बनवलेला; त्याचं प्रमाण वाढवलं की स्वर मागे सरकतो. कमी केलं की अगदी पुढ्यात येऊन बसतो.

बहुतेक कीबोर्डांमध्ये रिव्हर्बचं यंत्र एकच असतं, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. हॉल, रूम, स्टेज, प्लेट यांतला एक प्रकार निवडला की तो सगळ्या टोनना लागू होतो. प्रत्येक टोनला स्वतंत्र मिळतं ते फक्त प्रमाण, ० ते १२७ यांमधलं. म्हणजे सगळे वादक एकाच वास्तूत आहेत, फक्त कुणी पुढे तर कुणी मागे. उजव्या हाताला बासरी आणि डाव्या हाताला स्ट्रिंग्ज लावल्या आणि दोहोंना सारखंच प्रमाण दिलं तर ती एकमेकांच्या अंगावर चढतात. स्ट्रिंग्जना सत्तरच्या आसपास आणि बासरीला तीस-पस्तीस दिलं की मध्ये मोकळी जमीन तयार होते आणि गायकाचा आवाज तिथे येऊन उभा राहतो. आवाजाची पातळी तीच, टोन तेच, तरी गाणं ऐकायला सोपं होतं.

प्रकारांच्या यादीतलं ‘प्लेट’ हे नाव पुष्कळांना कोड्यात टाकतं. पूर्वी स्टुडिओत खरोखरच पोलादी पत्रा टांगलेला असे. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने काढलेल्या त्या यंत्रातला पत्रा सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद होता. आवाज त्या पत्र्याला कंपित करी आणि पत्र्यावरून तो पुन्हा उचलला जाई. पत्र्याला भिंती नाहीत, त्यामुळे त्याच्या घुमाऱ्यात खोलीचा भास नसतो. आहे ती एक दाट, चकचकीत झळाळी. संतूर, ग्लॉकेनश्पील किंवा मेंडोलिनच्या टोनवर प्लेट फार देखणा लागतो. अभंगाच्या साथीला लावला तर मात्र पेटी परकी वाटू लागते.

आता प्रत्यक्ष नाट्यगृहाकडे येऊ, कारण कीबोर्डच्या आतला हॉल बाहेरच्या हॉलमध्ये उघडतो. आपली नाट्यगृहं आधी नाटकासाठी बांधली गेली. गडकरी रंगायतन १९७८ पासून मासुंदा तलावाच्या काठी उभं आहे आणि नाटकवाल्यांचं आवडतं ठिकाण आहे. संवादाचा प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत सुटा पोचावा तर घुमण्याचा काळ सेकंदभराच्या आसपास ठेवावा लागतो. पाश्चात्त्य सिंफनीच्या सभागृहांत तो दोन सेकंदांच्या घरात असतो. म्हणजे कारखान्यात ‘हॉल’ नावाने जे भरलेलं असतं ते आपल्या नाट्यगृहांपेक्षा बरंच मोठं, वेगळ्याच संगीताच्या सवयीतून आलेलं दालन आहे. ते जसंच्या तसं लावलं की शब्दप्रधान मराठी गाण्यात जोडाक्षरं लडबडतात. गायक स्वच्छ उच्चार करत असतो, पण त्याच्या ‘क्ष’ आणि ‘त्र’वर आधीच्या स्वराची शेपटी लोळत असते. भावगीताच्या साथीला मी ‘रूम’ किंवा ‘स्टेज’च्या बाजूचा आहे. हॉल हवाच असेल तर कमी प्रमाणात, आणि तोही गाण्याआधीच्या व मधल्या म्युझिक पीसपुरता.

दुसरी अडचण माणसांची. साउंड चेक होतं दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर. संध्याकाळी त्याच खुर्च्यांत माणसं बसतात आणि प्रत्येक माणूस, त्याचे कपडे, साड्या, शाली आवाज शोषून घेतात. वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवत आणि पुन्हा काढून घेत घुमारा मोजला, आणि सभागृहांचं गणित तिथून सुरू झालं. आपल्याकडचा मुरलेला कीबोर्डवादक ते गणित न मांडता वापरतो. दुपारी त्याला आवाज किंचित ओला वाटला तरी तो हात लावत नाही. प्रेक्षक तो कोरडा करणार हे त्याला ठाऊक असतं. नवखा वादक दुपारीच सगळं नेमकं जुळवून ठेवतो आणि रात्री त्याचा कीबोर्ड रुक्ष का वाजतो आहे हे त्याला उमगत नाही.

शिवाय मिक्सरवर बसलेला माणूस असतो. त्याच्याकडे त्याचा रिव्हर्ब असतो, ज्याला मंडपात आणि नाट्यगृहात सर्रास ‘इको’ म्हणतात. गायकासाठी तो लावलेला असतोच आणि सवयीने कीबोर्डच्या लाइनवरही थोडा सोडला जातो. कीबोर्डने आतून एक दालन दिलं, मिक्सरने बाहेरून दुसरं दिलं आणि तिसरं तर खरंखुरं उभंच आहे. या तिन्हींत स्वराची कड हरवते. चांगली जोडी अशी की वादक आधीच सांगतो, ‘माझी लाइन कोरडी ठेव, ओलं मी करीन.’ हे एक वाक्य ऐकलं की मी खुर्चीत निवांत मागे टेकतो.

दिवाळी पहाटेचा किंवा गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतला उघड्यावरचा कार्यक्रम नाट्यगृहाच्या अगदी उलट असतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर छत नसतं, त्यामुळे वर गेलेला आवाज परत येत नाही आणि कीबोर्ड नागडा वाटतो. मोह होतो रिव्हर्ब वाढवायचा. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सतरा मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो परत यायला एक दशांश सेकंद लागतो. एवढ्या उशिरा आलेला आवाज कान घुमारा म्हणून स्वीकारत नाही. तो त्याला वेगळा, दुसरा ठोका म्हणून ऐकू येतो. द्रुत लयीच्या कोळीगीतात तो ठोका मात्रांच्या मध्ये पडतो आणि लय अडखळल्यासारखी वाटते. तिथे लांब शेपटीचा हॉल लावला तर चिखल होतो. आखूड ‘रूम’ थोड्या जास्त प्रमाणात दिली की आवाजाला अंग येतं आणि ठोके सुटे राहतात.

कोरसची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण त्याचं मर्म आपल्या संगीतात यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा षड्जाला मिळवतात तेव्हा त्या जुळण्याच्या अगदी जवळ आल्या की आवाजात एक संथ डोल येतो. पदार्थविज्ञानात त्याला विस्पंद म्हणतात. काळी एकचा षड्ज सेकंदाला साधारण २७७ कंपनांचा. एक तार २७७ ची आणि दुसरी २७८ ची असली की सेकंदाला एक डोल येणार. दोन्ही तंतोतंत जुळल्या की डोल थांबतो. लावणारा कान त्या थांबण्याकडे जात असतो. कल्याण गायन समाजासारख्या संस्थेच्या बैठकींत मुरलेल्या रसिकाला हा डोल शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण तानपुरा लागला की नाही हे तो त्यावरूनच ओळखतो.

पेटीतही हेच. खर्ज-नर किंवा खर्ज-नर-मादी अशा एकापेक्षा अधिक सुरांच्या पेटीत एका पट्टीखाली दोन-तीन पत्त्या एकदम बोलतात. पेटी सुरात लावणारा कारागीर त्या पत्त्या घासून जुळवतो, पण हाताने केलेलं काम असल्यामुळे प्रत्येक पट्टीखाली केसाएवढा फरक उरतो, आणि तो प्रत्येक पट्टीला निराळा असतो. गंधार जरा जास्त झुलतो, पंचम जवळपास स्थिर असतो. या निराळेपणामुळे पेटीचा आवाज जिवंत वाटतो.

इलेक्ट्रॉनिक कोरस हा परिणाम दुसऱ्या वाटेने साधतो. तो मूळ आवाजाची एक प्रत काढतो, ती साधारण दहा ते तीस सहस्रांश सेकंद उशिरा सोडतो आणि तो उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहतो. उशीर घटत असताना प्रत किंचित चढी वाजते, वाढत असताना किंचित उतरी. मूळ आणि प्रत मिसळली की एका वाद्याची दोन झाल्यासारखी वाटतात. फिलिप्स कंपनीत १९६९ मध्ये आवाज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारा इलेक्ट्रॉनिक भाग तयार झाला आणि त्यामुळे हे लहान खोक्यात मावू लागलं. १९७४ ची सोलिना स्ट्रिंग मशीन ऐकण्यासारखी झाली ती याच तंत्राच्या जोरावर. १९८३ च्या यामाहा डीएक्स ७ मध्ये कोणताच इफेक्ट नव्हता, तर १९८७ च्या रोलंड डी-५० मध्ये कोरस आणि रिव्हर्ब दोन्ही आतच आले. आज घरातला साधा कीबोर्डही ही दोन्ही साधनं घेऊनच येतो.

पण एक फरक उरतोच. यंत्रातला उशीर ज्या गतीने झुलतो ती गती सगळ्या स्वरांना एकच असते. सेकंदात जेमतेम अर्धा हेलकावा असा संथ वेग असला तरी मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत सगळे स्वर एकाच श्वासात फुगतात आणि ओसरतात. स्ट्रिंग्जवर हे खपून जातं, किंबहुना शोभतं, कारण वीस व्हायोलिनवाले एकत्र गज ओढताना एकत्र श्वास घेतल्यासारखंच वाटतं. इलेक्ट्रिक पियानोवर, त्या काचेसारख्या नाजूक टोनवर, थोडा कोरस फारच गोड लागतो. आठव्या दशकानंतरच्या कित्येक गाण्यांचा तो चेहराच आहे. पण हार्मोनियमच्या टोनवर कोरस चढवला की सगळ्या पट्ट्या एकदम डुलू लागतात, आणि पेटी कधीच अशी डुलत नाही. मुळात त्या टोनच्या ध्वनिमुद्रणात खऱ्या पत्त्यांचा डोल आधीच आलेला असतो. त्यावर हा दुसरा डोल चढतो. अॅकॉर्डियनचंही तेच. एनॉक डॅनियल्स यांनी वाजवलेलं अॅकॉर्डियन ज्याने कान देऊन ऐकलं आहे त्याला त्या वाद्याच्या पत्त्यांमधला थरथरता फरक ओळखीचा असतो, आणि त्याच्यावर आणखी थर दिला की तो लगेच जाणवतो.

एकल वाद्याच्या टोनला कोरस शून्य, हा माझा ठाम आग्रह आहे. बासरी, सारंगी, शहनाई ही एका माणसाच्या श्वासाची किंवा एका हाताच्या गजाची वाद्यं. त्यांत दुसरा माणूस घुसला की आर्तता निघून जाते. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन आठवा. ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर वाजवली होती, म्हणजे एका वेळी एकच स्वर देणाऱ्या, व्हॉल्व्हच्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर. त्या वाद्यात व्हायब्रेटोची सोय होती. एकच स्वर, त्यातली थरथर आणि बोटांची चपळाई एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांनी ती पुंगी मानली. ती पुंगी एकट्या गारुड्याची होती, म्हणून अंगावर येत होती.

श्रुतीच्या बाबतीत कोरस आणखी नुकसान करतो. आजच्या कित्येक कीबोर्डांत प्रत्येक स्वर थोडा चढा-उतरा करण्याची सोय आहे. कुणी वादक कष्टाने कोमल गंधार त्या रागाला साजेसा उतरवतो आणि मग त्याच टोनवर कोरस ठेवतो. गंधार आता त्या जागेच्या आजूबाजूला हेलकावत राहतो आणि उतरवण्याचे कष्ट वाया जातात. शिवाय स्टिरिओसाठी रचलेला कोरस एका वायरीतून गेला की बदलतो. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत कीबोर्डची एकच लाइन मिक्सरला जाते. हेडफोनमध्ये डावी-उजवीकडे पसरलेली झळाळी तिथे एकत्र होते, आणि यंत्राच्या रचनेप्रमाणे ती विरते तरी किंवा आवाज पोकळ तरी करते. घरी बसून केलेलं सेटिंग रंगमंचावर फसतं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मागे सांगितलेल्या पहिल्या स्वराकडे आता जरा जवळून पाहू, कारण चांगल्या वादकाचं सगळं शहाणपण त्या काही सेकंदांत दिसतं. ठाण्यातल्या एका वादकाला मी विंगेतून पाहिलं आहे. त्याच्या यामाहावर दोन फिरते नॉब होते आणि त्याने ते रिव्हर्ब-कोरसवर लावून ठेवले होते. सुरुवातीला दोन्ही बऱ्यापैकी वर. स्ट्रिंग्ज लांबून, अनेकांच्या, पहाट फुटावी तशा. गायिकेने श्वास घेतला, खांदे किंचित वर गेले, आणि तिच्या पहिल्या अक्षराच्या आत त्याचा डावा हात पट्ट्यांवरून उठून नॉबवर गेला. आधी कोरस उतरला. स्ट्रिंग्जचा घोळका पातळ झाला. मग, तिची पहिली ओळ संपायच्या आत, रिव्हर्ब. ऐकणाऱ्याला इतकंच जाणवलं की गायिका पुढे आली. खरं म्हणजे ती जागची हललीच नव्हती. तिच्या मागचा स्वर बदलला होता. अंतरा संपून सेकंड म्युझिक सुरू झालं तेव्हा क्रम उलटा: आधी रिव्हर्ब, मग कोरस. ऑब्लिगाटोच्या चार स्वरांना त्याने काहीच लावलं नाही. ते कोरडे, गायिकेच्या कानाशी बोलल्यासारखे. एवढं सगळं एका गाण्यात, आणि प्रेक्षागृहातल्या कुणालाही नॉबचा संशय न येता.

आणि आता नाट्यपद. ठाण्यात पं. राम मराठे राहत होते. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत महोत्सव भरवते. त्यांचं ‘संगीत मंदारमाला’सारखं नाटक ज्या गावाच्या अभिमानाचा भाग आहे तिथे नाट्यपदाच्या साथीला ऑर्गनचा टोन लावणं ही जबाबदारी असते. पायांनी भाता मारायचा तो ऑर्गन हवा आत ओढून पत्त्या बोलवतो, पेटीसारखी बाहेर ढकलून नाही. त्यामुळे आवाज गोलसर, मऊ येतो, टोचत नाही. गोविंदराव पटवर्धनांचा ऑर्गन ज्यांनी ऐकला त्यांना गायकाच्या तानेमागोमाग सावलीसारखं जाणारं ते वाजवणं आठवत असेल. ती सावली गायकाला चिकटलेली होती. कीबोर्डवाले त्या जागी चर्चचा पाइप ऑर्गन निवडतात, वर मोठा हॉल लावतात, आणि साथीदार गायकापासून वीस-तीस मीटर लांब जातो. तान संपते आणि सावली मागून चालत येते.

यावर मला सापडलेला उपाय सांगतो. रीड ऑर्गनचा किंवा मऊसा हार्मोनियमचा टोन मुख्य ठेवायचा. ड्युअल व्हॉइसमध्ये तोच किंवा त्याच्या जातीचा दुसरा टोन एक सप्तक खाली लावायचा, आवाज निम्म्याहून कमी, म्हणजे खर्जाची पत्ती उघडल्यासारखं होतं. कोरस दोन्हींना शून्य. रिव्हर्ब ‘रूम’चा, मुख्य टोनला पंधरा-वीस, खालच्याला शून्य, म्हणजे खर्ज लाकडात बसलेला राहतो. अॅटॅक किंचित हळू, कारण पत्तीला बोलायला क्षणभर लागतो. दोन टोनांचं ध्वनिमुद्रण वेगळं असेल तर त्यांच्यात प्रत्येक स्वरागणिक निराळा, बारीक डोलही आपोआप येतो, आणि तो यंत्राच्या एकसुरी हेलकाव्यापेक्षा खऱ्या पेटीच्या पुष्कळ जवळचा असतो. सेटिंग रजिस्ट्रेशन मेमरीत ठेवून द्यावं आणि रियाजाच्या वेळी रिव्हर्ब पूर्ण काढून वाजवावं. हेडफोनमध्ये तो फार कोरडा, काहीसा कठोर वाटेल. पण बोट पट्टीवरून नेमकं कधी उठलं ते ऐकू येईल. नाट्यपदाच्या साथीत गायकाने समेवर शब्द तोडला की त्याच क्षणी पट्टी सुटायला हवी, आणि हे उठणं कोरड्या आवाजातच शिकता येतं.